घसरगुंडीखालची लाल लादी

काही वर्षांपूर्वी एका गावच्या बागेत घसरगुंडीखाली रबराच्या लाद्या अंथरलेल्या होत्या. त्यांतली लाल लादी सारखी अस्वस्थ असे. घसरत येणारं प्रत्येक पोर तिच्यावरच आदळे. उन्हानं ती कडक झाली होती, आणि पाण्यानं खालची माती वाहून जाऊन खड्डा पडला होता. वरून मात्र ती ठणठणीत दिसे.

"कुणाला तरी कळायला हवं," ती शेजारच्या निळ्या लादीला म्हणाली. "एखाद्या पोराचं डोकं फुटेल गं."

"गप्प बैस," निळी म्हणाली. "कळलं तर तुलाच उपटून फेकतील."

ती भीती लाल लादीलाही होती. पण त्या संध्याकाळी एका चिमुरडीचा गुडघा तिच्यावर असा आपटला, की पोरीला रडूही फुटेना. लादीला राहवेना. दुसऱ्या दिवशी उन्हं तापताच तिनं सगळा जोर लावून आपला कोपरा वर उचलला. बाग झाडणाऱ्या द्वारकाबाईंचा खराटा त्यात अडकला.

"अगं बाई, खाली तर खड्डा आहे!" त्या वाकून म्हणाल्या. त्यांनी घसरगुंडीला दोरी बांधली नि माणसं बोलावली. खड्डा बुजवला, माती ठोकून पक्की केली, नवी लादी बसवली नि दोरी सोडली. निळीचीही सुटलेली कड चिकटवली.

लाल लादी हातगाडीवर पडून होती. गाडी निघणार इतक्यात ती चिमुरडी घसरत आली, नव्या लादीवर धपकन पडली आणि हसत पुन्हा शिडीकडे पळाली.

"चल," लादी हातगाडीला म्हणाली, "आता निघू या."