उशाशी ठेवलेलं काळीज

वस्तू आपापसांत बोलत आणि माणसांना ते ऐकू येत नसे, त्या काळातली ही गोष्ट. एका गावच्या वाचनालयात लिनक्स नावाच्या प्रणालीवर चालणारे दोन संगणक शेजारीशेजारी होते, एक म्हातारा आणि एक नवाकोरा. त्यांच्या मागच्या भिंतीवर एक पाल राहायची.

दर शनिवारी म्हातारा आधी सगळ्या पुस्तकांच्या यादीचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर ठेवी, जागा किती उरली ते पाही आणि मगच अपडेट घेई. नवं कर्नल आलं तरी जुनं टाकत नसे.

"कर्नल म्हणजे काय हो, आजोबा?" पालीनं विचारलं.

"आमचं काळीज गं. त्याच्याशिवाय आम्हाला जागच येत नाही."

"आणि ते तुम्ही बदलता?" पाल थक्क झाली. तिची फार तर शेपूट तुटून नवी फुटायची.

"बदलतो. पण जुनं उशाशी ठेवून."

धाकटा हसला. "आजोबांना अडगळीची हौस! मी तर नवं आलं की लगेच जुनं पुसून मोकळा होतो."

त्या शनिवारी दोघांनी नवं कर्नल घेतलं. ते दोघांनाही मानवलं नाही. दोन्ही पडदे काळेठिक्कर पडले. पाल भिंतीला घट्ट चिकटली.

ग्रंथपाल मैनाताईंनी म्हाताऱ्याचं बटण पुन्हा दाबलं. पडद्यावर दोन ओळी उमटल्या, नवं कर्नल आणि जुनं कर्नल. त्यांनी जुनं निवडलं.

"हं, कुठवर आलो होतो आपण?" म्हातारा म्हणाला.

काळीज बंद पडलेला जीव परत आलेला पालीनं पहिल्यांदाच पाहिला. ती चुकचुकायचंही विसरली.

मग ताई धाकट्याकडे वळल्या. त्याचंही बटण दाबलं, तर पडद्यावर एकच ओळ होती, नवं कर्नल. ताईंनी ती तीनदा निवडून पाहिली, तिन्ही वेळा पडदा पुन्हा काळाठिक्कर पडला.