निळ्या दारांचे शहर

माणसे पायांनीच जग बघत असत, त्या फार जुन्या काळातली ही गोष्ट.

एक तरुण डोंगर ओलांडून एका परक्या शहरात आला. तिथली भाषा तो गुरूंकडे शिकला होता. नवे जग बघावे, नवी माणसे जोडावीत, अशी त्याला फार ओढ होती.

शहर सुंदर होते. निळ्या दारांची घरे, दारांपुढे रुंद दगडी पायऱ्या. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत तो चालत राही. खाणेही चालता चालताच. पण त्याला कोणी काही विचारत नसे. तो दिसला की बोलणारी माणसे गप्प होत आणि खाली बघत. बाजारात तो बोट दाखवी, दुकानदार जिन्नस देई. दिवस मावळला की वेशीबाहेरच्या रिकाम्या धर्मशाळेत जाऊन तो निजे.

असा सारा उन्हाळा गेला. एका सकाळी त्याच्या ध्यानात आले, आपले नाव कोणाच्या तोंडून शेवटचे कधी ऐकले, तेच आठवत नाही. एका विहिरीत वाकून त्याने स्वतःचे नाव घेतले. विहिरीने ते परत दिले. त्या शहरात त्याला हाक मारणारे तेवढेच कोणी होते.

“या गावाला काळीज नाही,” तो म्हणाला. दुपारच्या तांड्याबरोबर परतायचे त्याने ठरवले. तांडा वर्षातला शेवटचा होता. पुढे घाटात बर्फ पडे.

निघाला, तर वाटेत वहाणेचा अंगठा तुटला. तो बांधायला तरुण पहिल्यांदाच एका पायरीवर बसला.

लगेच मागचे दार उघडले. आत एक म्हातारी उभी होती.

“बसलास का एकदाचा? पायाला भिंगरी बांधून आला होतास की काय?” मग आत वळून ती म्हणाली, “सूनबाई, तो बसला गं. भाकरी आण.” पुन्हा त्याच्याकडे बघून म्हणाली, “रोज एक भाकरी तुझ्यासाठी जास्त करतो. तू जातोस पुढे, आणि शेजारचं कुत्रं माजतंय.”

“मग आजी, मला हाक का नाही मारलीत?”

“चालत्या माणसाला हाक मारू नये, बाळा. बोलणं थांबवून, नजर खाली करून त्याला वाट द्यावी. त्याची कुठेतरी कोणी वाट बघत असतं. ज्याला बोलायचं असतं, तो बसतो. आमची पोरंसोरंही जाणतात हे.”

“मला वाटलं, मी तुम्हाला नकोसा आहे.”

“आणि आम्हाला वाटलं, आमच्या पायऱ्या तुला नकोशा आहेत. नाव काय तुझं?”

त्याने नाव सांगितले. गल्ली गोळा झाली. ज्याने त्याने ते नाव आपापल्या परीने वाकडेतिकडे म्हणून पाहिले. भाकरी अजून अर्धीच खाऊन झाली होती, तोच तांड्याचे शिंग वाजले.

तो उठून चालू लागला. माणसे गप्प झाली आणि खाली बघू लागली. सारा उन्हाळा त्याने हीच शांतता ऐकली होती. तिचा अर्थ त्याला आज कळला होता.

गल्लीच्या टोकाला तो थांबला. शेवटच्या पायरीवर क्षणभर बसला.

तेव्हा साऱ्या गल्लीने त्याला नावाने हाक मारली.

मग तो उठला. ती हाक सोबत घेऊन तो घाट चढला, आणि त्याच्यामागे बर्फाने वाट बंद झाली.

तात्पर्य : परक्या गावाला मुके म्हणण्याआधी त्याच्या पायरीवर घटकाभर बसून पाहावे.