कौतिकाला कुणी सांगितलंच नाही

सुगी आटोपली, ज्वारी घरात येऊन पडली, की शांतवन महाराज मुळेकाठच्या कुसळगावात मुक्कामाला येत. डोक्याला पांढरं पागोटं, खांद्यावर उपरणं, हातात चिपळ्या. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, कुणी हरिदास चालला आहे. पण महाराजांचं कीर्तन ख्रिस्ताचं असे. मिशनच्या साहेबलोकांना सुरुवातीला ते रुचलं नव्हतं. महाराज त्यांना म्हणाले, "प्रभू आमच्या घरी आला आहे, तर आमच्याच पाटावर बसेल." पुढे कुणी तो विषय काढला नाही. आणि आवाज तर असा, की ओढ्यापलीकडच्या बाया हातातलं काम टाकून उंबऱ्यात येऊन उभ्या राहत.

कुसळगावच्या ख्रिस्ती मंडळीचे वडील, म्हणजे कारभारी, होते हिरामण मास्तर वाघचौरे. मिशनच्या शाळेत तीस वर्षं शिकवलेले, शास्त्र तोंडपाठ, अक्षर वळणदार, आणि या सगळ्याचा ताठाही तेवढाच. खोटं कशाला बोलू, त्यांच्याविषयी सांगताना माझी जीभ जरा तिखट होते. पण माणूस पोळलेला होता, हेही सांगायला हवं. बायको बाळंतपणात गेली. मागे राहिलेली मुलगी करुणा सहाव्या वर्षी पटकीच्या साथीत गेली. सुवार्ता साऱ्या जगात पोचेल आणि मग शेवट येईल, हे प्रभूचं सांगणं मास्तरांनी तेव्हापासून जे घट्ट धरलं, ते सोडलं नाही. शेवट म्हणजे प्रभूचं परत येणं, मेलेल्यांचं उठणं, करुणा पुन्हा दृष्टीस पडणं. उपासनेच्या खोलीत त्यांनी जगाचा मोठा नकाशा लावला होता. कुठल्या दूरच्या बेटावर, कुठल्या बर्फाच्या मुलखात सुवार्ता पोचल्याची बातमी मिशनच्या पत्रकात आली, की मास्तर तेवढा भाग तांबड्या शाईने रंगवत. कोरा भाग थोडाच उरला होता. प्रार्थनेत ते त्या उरलेल्या मुलखांची नावं घेत.

याच मास्तरांच्या घरात त्यांची थोरली बहीण राहत होती. तिचं नाव कौतिका. जन्मापासून ठार बहिरी, त्यामुळे मुकी. गाव तिला मुकीच म्हणे. नाव कित्येकांना ठाऊकही नव्हतं. लहानपणी मास्तरांना तिने कडेवर वागवलं, पुढे आईवेगळ्या करुणेला वाढवलं. करुणेच्या केसांच्या दोन वेण्या घालणं हा तिचा रोजचा सोहळा असे. मास्तरांनी गावाच्या दोन पिढ्या शहाण्या केल्या, पण या बहिणीला ते बोट दाखवून काम सांगत: घागर, ताट, केरसुणी. त्यापलीकडे काही नाही.

करुणेला मूठमाती दिली त्या दिवशी सगळ्यांना धीर देण्यात आला. पाळकसाहेब बोलले, गीतं झाली, पोर झोपली आहे, प्रभू आला की उठेल, असं सांगून झालं. जिने त्या पोरीला एकदाही मांडीवर घेतलं नव्हतं, अशा बाईचीसुद्धा समजूत काढण्यात आली. कौतिकाला कुणी काही सांगितलं नाही. तिला दिसलं ते एवढंच: तिच्या पोरीला या लोकांनी खड्ड्यात घातलं, वर माती लोटली, बराच वेळ तोंडं हलवली आणि घरी येऊन जेवले. दुसऱ्या दिवसापासून ती रोज चतकोर भाकरी घेऊन जाई आणि कबरीवर ठेवून येई. पोर खाली उपाशी असेल ना! भाकरी कुत्री खात, ती दुसऱ्या दिवशी पुन्हा नेई. अशी नऊ वर्षं गेली.

मास्तरांना त्याची फार लाज वाटे. ख्रिस्ती वडिलाच्या घरची बाई कबरीला नैवेद्य दाखवते, असं लोक बोलत. त्यांनी तिला रागावून पाहिलं, भाकरी हिसकावून पाहिली, शेवटी वेडीच आहे म्हणून नाद सोडला. ती वेडी नव्हती हे गावात एकाच बाईला माहीत होतं.

ती रिबकाबाई. विधवा, अंबाडीचे दोर वळून पोट भरणारी. दोर वळायला दोन माणसं लागतात. एकाने या टोकाला पीळ द्यायचा, दुसऱ्याने त्या टोकाला ताण धरायचा. आणि मधे अंतर एवढं, की ओरडण्यापेक्षा हात हलवणं सोपं. दुपारची कामं उरकली, की कौतिका तिचं दुसरं टोक धरायला जाई. ओढ, सैल सोड, थांब, अशा खुणांनी सुरुवात झाली. मग भूक आली, ऊन आलं, पाठदुखी आली, आणि वर्षा-दोन वर्षांत दोघी दोराच्या दोन टोकांना उभ्या राहून सुखदुःखाचं बोलू लागल्या. एक दिवस कौतिकाने दोन्ही मुठी कानांमागून खांद्यांवर ओढल्या. दोन वेण्या, म्हणजे करुणा. मग जमिनीकडे बोट केलं, आणि तळवे वर करून रिबकाबाईकडे पाहत राहिली. तिला कधी बाहेर काढणार, असं ती विचारत होती.

रिबकाबाईच्या हातून दोर सुटला. तिने सांगायचा फार प्रयत्न केला. पोर येईल, अशी खूण तिला करता आली. पण कोण आणणार, का आणणार, हे कसं दाखवायचं? "माझ्या हातांना दोराचं बोलणं येत होतं, प्रभूचं येत नव्हतं," असं ती पुढे सांगे. मग तिने धीर करून मास्तरांना गाठलं आणि विनवलं, की या खेपेला महाराज आले म्हणजे तुमच्या बहिणीला त्यांच्याजवळ बसवा, त्यांना काही सुचेल.

ओट्यावर चार माणसं बसली होती. मास्तर त्यांच्याकडे पाहून हसले. "रिबका, विश्वास ऐकण्याने होतो, हे शास्त्रात लिहिलेलं आहे. जिला देवाने कानच दिले नाहीत, तिचा जाब देव मागणार नाही. तू हातवारे करून तारण वाटायला निघालीस होय? दोर वळतेस तो नीट वळ." चौघेही हसले. तेव्हापासून पोरंसोरं रिबकाबाईला वाटेत पाहून हातवारे करत. तिने ते सोसलं, पण मास्तरांच्या उंबऱ्याला ती पुन्हा गेली नाही.

त्या वर्षी महाराज आले तेव्हाचा मेळावा मोठा भरला. सात गावांची माणसं आली होती. तिसऱ्या प्रहरी चिंचेखालच्या मांडवात कीर्तन ठरलं होतं, आणि विषय मास्तरांनीच मागून घेतला होता: साऱ्या जगाला सुवार्ता. नकाशा खोलीतून काढून मांडवात टांगला होता. कौतिका लोकांसमोर काही वेडंवाकडं करील या भीतीने मास्तरांनी तिला मांडवामागे पाण्याच्या रांजणांपाशी बसवलं होतं.

महाराज उभे राहिले. चिपळ्या वाजल्या. त्यांनी तोंड उघडलं, आणि आवाज आला नाही. खाकरले, पुन्हा उघडलं. नुसता वारा. सकाळी ज्यांनी ओढ्यावर मोकळ्या गळ्याने भजन म्हटलं होतं, त्यांच्या तोंडून आता साधा हुंकार फुटेना. कुणी हळद-दूध आणलं, कुणी ज्येष्ठमध, कुणी मिठाचं पाणी. मास्तर गुडघे टेकून मोठ्याने प्रार्थना करू लागले, की प्रभो, सैतानाने तुझ्या सेवकाची वाचा बांधली आहे, ती सोडव. आवाज परत आला तो दुसऱ्या दिवशी उजाडताना. पुढे कौतिका गेल्यावर महाराज या दिवसाविषयी एकदाच बोलले. म्हणाले, "माझा घसा बसला नव्हता, सैतानानेही काही केलं नव्हतं. प्रभूने माझ्या तोंडावर हात ठेवला होता. अकरा वर्षं मी त्या बाईच्या हातचं पाणी प्यालो आणि तिला एक शब्द दिला नाही. तो हात याआधीच पडायला हवा होता."

पण त्या वेळी मांडवात कुणाला काही उमगत नव्हतं. महाराज हाताने काहीतरी दाखवू लागले. एकाने तांब्या पुढे केला, दुसऱ्याने बसायला पाट ठेवला, तिसरा पंख्याने वारा घालू लागला. महाराज मान हलवत राहिले. तेवढ्यात मांडवामागून कौतिका चालत आली. तिने महाराजांचे हात पाहिले, आणि ती सरळ लोकांत शिरली. मांडवाचं कापड एका जागी फाटलं होतं आणि खाली एक म्हातारी उन्हात बसून होती. कौतिकाने तिला दंडाला धरून उठवलं आणि सावलीत नेऊन बसवलं. महाराज एवढंच सांगत होते. ऐकणाऱ्या शेकडो लोकांना ते कळलं नव्हतं.

महाराज तिच्याकडे पाहतच राहिले. कौतिका त्यांच्यापुढे आली, तिने आपल्या ओठांवर बोट ठेवलं, मग त्यांच्याकडे दाखवलं. महाराजांना अर्थ लागेना. ते लोकांकडे पाहू लागले. मास्तर तिला ओढून न्यायला उठले. तेव्हा बायकांच्या शेवटच्या रांगेतून रिबकाबाई उभी राहिली.

"महाराज, ती विचारते, तुम्हीपण माझ्यासारखे झालात का?"

मग तिने भाकरीचं सांगितलं, दोन वेण्यांचं सांगितलं, नऊ वर्षांचं सांगितलं. मास्तर मधे म्हणाले, की हिला कानच नाहीत, तिथे कीर्तन काय करणार. महाराजांनी मास्तरांकडे वळून आपल्याच ओठांवर बोट ठेवलं. मग त्यांनी चिपळ्या खाली ठेवल्या, रिबकाबाईला जवळ बोलावलं, आणि कीर्तनाला सुरुवात केली.

भाविकहो, त्या कीर्तनात एकही शब्द नव्हता. महाराजांनी हातांचा पाळणा केला, तान्हं बाळ जोजवलं आणि गव्हाणीत ठेवलं. आंधळ्याच्या डोळ्यांवर हात ठेवला, बहिऱ्याच्या कानांवर ठेवला; तेव्हा कौतिकाने आपले कान चाचपून पाहिले. भाकरी मोडून त्यांनी एकेकाला दिली, आणि तेवढ्याने तिच्या डोळ्यांत ओळख आली. जिथे अडे तिथे रिबकाबाई दोराच्या खुणा पुरवी. मग महाराजांनी दोन्ही हात पसरले. तळव्यांत खिळे ठोकले. मान टाकली. कौतिकाच्या तोंडून एक आवाज निघाला, तो गावाने पूर्वी कधी ऐकला नव्हता. महाराज, साठीचा माणूस, उपरणं अंगावर ओढून मातीत आडवे झाले. रिबकाबाईने वर धोंडा लोटल्याची खूण केली, तीन बोटं दाखवली. आणि मग उपरणं सारून महाराज हळूहळू उठले, पुरते उभे राहिले, आणि कौतिकाच्या समोर येऊन हसले.

तिने दोन्ही मुठी कानांमागून खांद्यांवर ओढल्या. जमिनीकडे बोट केलं. तळवे वर केले.

महाराजांनी तीच खूण केली. दोन वेण्या. मग आकाशाकडे दाखवलं, तो येणार म्हणून सांगितलं, आणि वाकून, हौदात पडलेलं मूल दोन्ही हातांनी काढावं तसं त्यांनी मातीतून काहीतरी उचललं आणि तिच्या हातांत दिलं. कौतिकाने ते घेतलं. छातीशी धरलं आणि कितीतरी वेळ डोलत राहिली. मांडवात बायका हुंदके देत होत्या. ज्यांनी रिबकाबाईची टिंगल केली होती, ते खाली मान घालून बसले होते. मास्तर रडत होते. पोरीच्या आठवणीने रडत होते, अजून दुसरं काही त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

मग कौतिका थांबली. तिने डोळे पुसले आणि भावाकडे पाहिलं. चालत त्यांच्यापुढे गेली. मातीतून उचलल्याची ती खूण तिने पुन्हा केली, आणि एक बोट मास्तरांच्या कपाळावर टेकवलं. हे कुणी उलगडून सांगायची गरज नव्हती. तुला हे ठाऊक होतं?

मास्तरांनी एकदा महाराजांकडे पाहिलं, एकदा त्या तांबड्या नकाशाकडे. मग होकारार्थी मान हलवली.

कौतिकाचे हात पुन्हा हलले. रिबकाबाईने ते सांगितलं. "मास्तर, ती विचारते, कधीपासून?"

शास्त्र तोंडपाठ असलेल्या त्या माणसाला शब्द सापडेना, आणि सापडून उपयोगही नव्हता. त्यांनी उजवा हात पुढे केला, तळवा खाली धरला, आणि हळूहळू खाली नेत गुडघ्याशी आणून थांबवला. एवढा होतो, तेव्हापासून. तू मला कडेवर घेत होतीस, तेव्हापासून.

आयुष्यात पहिल्यांदा मास्तर आपल्या बहिणीशी तिच्या भाषेत बोलले होते, आणि बोलले ते हे.

कौतिका त्या हाताकडे पाहत राहिली. मास्तर वाकले, आणि भरल्या मांडवात त्यांनी तिच्या पायांवर डोकं ठेवलं. तिने त्यांना लवकर उठवलं नाही.