यल्लूबाईचा वाकडा पूल

ऐका मंडळी. फार वर्षांपूर्वी, तिळवण नदीवर पूल नव्हता तेव्हाची ही गोष्ट. नदीच्या अलीकडे माळेगव्हाण, पलीकडे हिवरखेडे. पाणी चढलं की दोन्ही गावं एकमेकांना नुसती हाका मारायची. एकदा तर नवरा पलीकडे अडकला, नवरी अलीकडे, आणि भटजींनी नदीवरून मंगलाष्टकं ओरडून लग्न लावलं, असं म्हणतात.

मग दोन्ही गावांनी पूल बांधायला यल्लूबाईला बोलावलं. यल्लूबाई वडाराची. गाढवं, पहारी, घण आणि सगळा कबिला घेऊन ती आली. दगडाला कान लावला की तो कुठून फुटणार ते तिला ऐकू यायचं, असं म्हणतात.

तिनं पाया भरला, भिंत उभी केली. सकाळी बघते तर भिंत पडलेली. पुन्हा बांधली, पुन्हा पडली. गावात कुजबुज सुरू झाली : नदीला बळी हवाय.

यल्लूबाई वैतागली. तिनं गाढवांवर सामान लादायला घेतलं. तेवढ्यात माणसं एक शेळी ओढत नदीवर आली, आणि मागून ठकूबाई कुंभारीण शिव्या देत धावत आली. शेळी तिची होती.

"सोडा तिला!" यल्लूबाई गरजली. मग ठकूबाईकडे वळून म्हणाली, "बाई, तुला ह्यो पूल नको हाय का?"

"मला विचारलं कुणी?" ठकूबाई फणकारली. "तुमच्या दगडांचा ढीग माझ्या मातीवर पडलाय. मडकी कशाची करू, कपाळाची?"

यल्लूबाई हसली, आणि गाढवांवरचं सामान उतरवायला लागली. "नदी न्हाई रुसली," ती म्हणाली, "माणसं रुसलीत."

दुसऱ्या दिवशी काम बंद. यल्लूबाई दारोदार फिरली. सिदू नावाडी म्हणाला, "पूल झाल्यावर नाव काय चुलीत घालू?" दौलतराव पाटलांनी बराच वेळ सुपारी कातरली आणि हळूच सांगितलं, "रस्ता माझ्या आंब्यांतून जातोय. आजोबांनी लावलेत ते."

"पण चावडीवर तुम्ही मान डोलावली की!"

"चावडीवर सगळे बघत होते."

भिंत कुणी पाडली, हे मात्र तिनं कुणालाच विचारलं नाही.

मग तिनं सगळ्यांना नदीच्या वाळूत बोलावलं आणि पुलाच्या जागी दोरी टाकली. आंबे वाचवायला दोरी एकीकडे सरकवली, पलीकडच्या गावाचं खळं वाचवायला दुसरीकडे. दगडांचा ढीग हलवला. खांबाच्या पोटाशी मासळीसाठी खोल डोह राखला, आणि तिथली मासेमारी सिदूची, पुरात पूल बुडाला की नावही सिदूचीच, असं दोन्ही गावांकडून वदवून घेतलं. दोरी पार वाकडी झाली.

तिच्या भावानं डोक्याला हात लावला. "आक्का, असला पूल कुणी बघितलाय का?"

"आता बघतील," यल्लूबाई म्हणाली.

त्या दिवसापासून भिंत पडली नाही. शेवटचा दगड तेवढा हलेना. वडारांनी जोर लावला, गाढवं जुंपली, काही उपयोग नाही. मग सिदूनं हात लावला, ठकूबाईनं लावला, पाटलांनी पागोटं काढून खांदा दिला. दगड कापसासारखा उचलला गेला, आणि तो जागेवर बसेपर्यंत तिळवण वाहायची थांबली, असं म्हणतात.

यल्लूबाई पुढच्या कामाला निघून गेली. पण त्या गावांत आजही घर, विहीर, गोठा, काहीही बांधायचं झालं की आधी पुलावर पंगत बसते. तिला यल्लूबाईची पंगत म्हणतात. बांधणारा शेवटी जेवतो, आणि ज्याला काही खटकतं त्यानं भात वाढायच्या आत बोलायचं.

गेल्या साली शाळेची नवी खोली ठरली, तेव्हाही पंगत बसली. भाताचं पातेलं आलं आणि एक म्हातारी म्हणाली, "त्या भिंतीची सावली माझ्या वाळत घातलेल्या मिरच्यांवर पडंल." वाढपी जागीच थांबला. हेडमास्तर भर उन्हात मैदानावर गेले, त्यांनी पायाच्या आखणीच्या खुंट्या उपटल्या आणि जरा सरकवून पुन्हा ठोकल्या. तेव्हा कुठं भात वाढला.

ती खोली जरा तिरकीच उभी आहे. मिरच्या मात्र लालभडक वाळतात.