माडभाटची कात्रीनबाय

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा वसईच्या खाडीवर पूल नव्हता आणि माडभाट गावात घड्याळ नव्हतं. चर्चची घंटा सांगेल ती वेळ.

गावाच्या एका टोकाला कात्रीनबाय राहायची, दुसऱ्या टोकाला तिचा थोरला भाऊ बस्त्याव. दोघांत अबोला होता. कोण म्हणतं आंब्याच्या झाडावरून, कोण म्हणतं लग्नातल्या मानपानावरून. खरं कारण आज कुणालाच ठाऊक नाही.

त्या वर्षी बस्त्याव तापाने अंथरुणाला खिळला. अन्न तोंडात घेईना. राखेच्या बुधवारची आदली संध्याकाळ होती. तिन्हीसांजेची घंटा झाली की चाळीस दिवसांचा उपास सुरू, म्हणून घरोघरी उरलेली अंडी, तूप, गूळ घालून घावनं चालली होती. तेवढ्यात बस्त्यावची बायको लुजीन कात्रीनच्या दारात आली.

"बाय, तापात एकच बोलतात. कात्रीनच्या तव्यावरचं गरम घावन खाईन म्हणतात. पण घंटा झाली की ते शिवायचे नाहीत. तुला स्वभाव ठाऊक आहे."

सूर्य माडांना टेकला होता. ताटलीत घेतलं तर घावन वाटेतच निवेल. कात्रीनने पदर तव्याच्या दांड्याला गुंडाळला, चुलीवरचा तवाच उचलला आणि ती धावत सुटली.

केळीच्या वाड्यांतून धावली, बांधावरून धावली. कुत्री मागे लागली. खालची बाजू करपू लागली, तेव्हा तिने धावता धावता तवा उडवून घावन पालटलं, असं म्हणतात.

तिकडे चर्चची घंटा वाजवणाऱ्या पास्कूने दोर ओढला. घंटा हलली, पण वाजली नाही. पुन्हा ओढला. लोलक घंटेवर आपटताना खालच्या लोकांना दिसला, पण आवाज नाही!

कात्रीन भावाच्या उशाशी पोहोचली. "दादा, तोंड उघड."

"घंटा झाली?"

"नाही अजून."

त्याने घास घेतला, चावला, गिळला. "मीठ कमी आहे," म्हणाला. आणि घंटा घणघणली.

बस्त्याव जगला. पुढे पास्कूला लोक विचारत, तूच तर दोर धरून ठेवला नव्हतास? तो म्हणायचा, "मी ओढला. का वाजली नाही, ते घंटेला विचारा."

अजून त्या मंगळवारी माडभाटच्या बाया तवे घेऊन धावतात, कात्रीनच्या अंगणापासून बस्त्यावच्या दारापर्यंत. पहिली येईल तिचं घावन गावातल्या आजाऱ्याला भरवतात. आणि शेवटची बाई पोहोचेपर्यंत घंटा होत नाही.

गेल्या साली गुडघे धरलेली मार्सेलीन म्हातारी मागे राहिली. अंधार पडायला आला. गावात नवे आलेले फादर घंटेपाशी येऊन म्हणाले, "अरे, वेळ कधीच होऊन गेली."

दोर धरून उभा असलेला माणूस म्हणाला, "नाही फादर. कात्रीनबाय अजून वाटेत आहे."