न उघडलेले निरोप

"पण माई, जे कुणी उघडूनही बघत नव्हतं, ते बरोबर न्यायचं तरी कशासाठी?"

विक्रांतने पुन्हा तेच विचारलं. माई शेंगा फोडत होत्या.

विक्रांत घोलप हा कृष्णेकाठच्या एका लहान शुश्रूषागृहात संगणक विभागाचा प्रमुख. बरं होण्याची आशा संपलेले रुग्ण तिथे शेवटचे दिवस काढायला येतात. नदीपलीकडच्या मठातल्या गिरिजामाईंना तो गुरू मानायचा. गुरू मानायचा म्हणजे, दर गुरुवारी येऊन आठवडाभरात आपण काय काय तडीस नेलं ते त्यांना ऐकवायचा. माई ऐकून घ्यायच्या.

आज मंगळवार होता.

"पहिल्यापासून सांग," माई म्हणाल्या.

"आमचे सर्व्हर तळघरात होते. पावसाळ्यात पाणी शिरायचं. म्हणून सगळं क्लाउडवर न्यायचं ठरलं. म्हणजे आमची माहिती दूरच्या एका कंपनीच्या मोठ्या यंत्रांवर ठेवायची आणि आमची यंत्रं मोडीत काढायची. आराखडा मी केला. वर्षभर खपलो, माई. एक दिवस काम अडलं नाही कुणाचं."

"ते मागे सांगितलंस."

"नियम साधा होता. तीन वर्षांत जे कुणी उघडलं नाही, ते न्यायचं नाही. सगळीकडे असंच करतात. अडगळ कशाला वाहायची?"

"बरं. मग?"

"त्यात निरोप होते..."

शुश्रूषागृहात एक छोटी खोली आहे. ज्या रुग्णाला वाटेल त्याने तिथे एकट्याने बसावं आणि माइकपुढे आपल्या माणसासाठी काय ते बोलावं. ते ध्वनिमुद्रित करून ठेवलं जातं, दुसरं कुणी ऐकत नाही. घरच्यांनी लगेच ऐकावं असा आग्रहही नसतो. बहुतेकांना ते जमतच नाही. "असू दे तुमच्याकडे, येईन कधीतरी," म्हणतात आणि निघून जातात. वर्षं जातात. तिथली रीतच आहे ती.

"आणि ती यंत्रं?"

"मोडीत गेली. आतल्या डिस्कचा माझ्यासमोर चुरा केला. माहिती बाहेर जाऊ नये म्हणून. तोही नियमच."

"न्यायच्या आधी कुणाला विचारलं होतंस?"

"प्रत्येक विभागाला. तुम्हाला काय लागतं, काय नाही. वापरणाऱ्या एकूण एक माणसाला विचारलं."

"न वापरणाऱ्यांना?"

विक्रांतने माईंकडे पाहिलं. मग खाली पाहिलं.

"ते कुठे भेटणार, माई? निम्मे तर..."

माईंनी आणखी दोन शेंगा फोडल्या.

"आज का आलास?"

"उद्या वृषाली शेडगे येतेय. तिचे वडील आमच्याकडे होते, दिनकर शेडगे. ते गेले तेव्हा ही दहावीत होती. काल फोन आला. म्हणाली, आता धीर झालाय, बाबांचं ऐकायला येते... मी 'या' म्हणालो. दुसरं काही तोंडातून निघेना."

हुशार माणसाचं एक असतं. घर जळत असलं तरी त्याच्या खिशात काहीतरी उपाय असतो. विक्रांतने फोन काढला.

"एक मार्ग आहे. दिवाळीच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ सापडलाय. शेडगे त्यात थोडं बोललेत. तेवढ्यावरून हुबेहूब त्यांचा आवाज तयार करता येतो, अगदी धापेसकट. तिला कळणारही नाही. फक्त बोलायचं काय..." तो अडखळला. "ते तुम्ही सांगा, माई. तुम्हाला माणसाच्या मनातलं कळतं."

माईंनी सूप बाजूला सारलं.

"तूच बोल. तू दिनकर शेडगे. पोरगी दहावीत आहे. तू आज-उद्या जाणार. बोल तिच्याशी."

विक्रांत सावरून बसला.

"वृषाली बाळा... नीट अभ्यास कर."

"मग?"

"आईला सांभाळ."

"आई आहे तिला?"

विक्रांतला ठाऊक नव्हतं.

"असू दे. मग?"

"मी... मी कायम तुझ्यासोबत आहे."

"घरात तिला काय म्हणून हाक मारायचास?"

विक्रांत हातातल्या फोनकडे बघू लागला.

"कशावरून भांडायचास तिच्याशी?"

वर्षभराच्या बैठकांमध्ये विक्रांतपाशी उत्तर नाही असा प्रश्न कुणी विचारू शकला नव्हता. इथे एका पोरीच्या बापाची चार वाक्यंही त्याला जमली नाहीत. त्याने फोन जमिनीवर पालथा ठेवला आणि तो रडायला लागला. हमसून हमसून रडला. माईंनी अडवलं नाही, पाणीही दिलं नाही. अशा वेळी पाणी देणारे पुष्कळ भेटतात, पण त्याने फक्त रडणं थांबतं.

"त्या चुऱ्यातून काहीच निघत नाही?" माईंनी विचारलं.

"नाही."

"दुसरीकडे कुठे?"

"कुठेच नाही, माई. आणि ही तर पहिलीच आहे. आणखी कोण कोण येणार तेही माहीत नाही, नावंसुद्धा त्यातच होती... कुणी पुढच्या महिन्यात येईल, कुणी म्हातारपणी. प्रत्येकाला वाटत असेल, आपलं तिथे सुखरूप आहे."

"हं."

नदीवर कुणीतरी कपडे आपटत होतं. विक्रांतला वाटत होतं, माई आता काहीतरी म्हणतील. आवाज जातो पण माया राहते, असं काहीतरी. मठात येणाऱ्यांना असलं ऐकायची सवय असते आणि ते ऐकून बरंही वाटतं. माई तसलं काही म्हणाल्या नाहीत. म्हणण्यासारखं काही नव्हतंच.

शेवटी तोच उठला. बाहीने तोंड पुसलं.

"खोटं नाही ऐकवणार तिला. गेलं म्हणून सरळ सांगतो. माझ्या हातून गेलं म्हणून सांगतो."

माईंनी मान हलवली.

"ती समोर बसली की आधी हेच बोलतो. मग तिच्यापुढे हात जोडतो. म्हणतो, पोरी, चुकलो, मला क्षमा कर. ती करेल, माई. फोनवरून मायाळू वाटली. 'तुम्हाला उगाच त्रास देतेय' म्हणाली..."

बोलता बोलता त्याने खरोखरच हात जोडले होते.

माई उठल्या, त्याच्याजवळ आल्या. शेंगांच्या मातीने भरलेल्या बोटांनी त्यांनी त्याचे तळवे एकमेकांपासून सोडवले आणि एकेक करून खाली सोडून दिले.

"तिच्याकडून अजून काय काय घेणार आहेस?"