चार खाचा

गाडी किती किलोमीटर पळलीय, इंजिन केवढं आहे, आधीचा मालक कोण, असं काहीतरी दस्तगीरचाचा विचारतील अशी वल्लरीची कल्पना होती. उत्तरांचा कागद तिने घडी घालून पर्समध्ये आणलाही होता.

चाचांनी विचारलं, "शलाकाची गाडी कसल्या रंगाची गं?"

प्रश्न विचित्रच होता. शलाका वल्लरीची आतेबहीण, आणि तिची गाडी चाचांच्याच गॅरेजात, त्यांच्या पाठीमागे, सर्व्हिसिंगला उभी होती.

"नारिंगी. छत काळं. मागच्या दाराखाली ओरखडा आहे, नखाएवढा."

"आणि तू घेणार ती लाल? तिच्या सीटा कसल्या रंगाच्या?"

"काळ्या असतील... बहुधा."

"बरं, मागच्या आठवड्यात चालवलीस ती निळी?"

"करड्या. ड्रायव्हरच्या सीटला ठिगळ आहे एक. आणि हॉर्न इतका घोगरा, चाचा, की घाटात एक शेळी वळून माझ्याकडे अशी बघायला लागली..." तिला हसू आलं. ते तिने आवरलं. "पण ती नको. म्हातारी वाटते. मला लालच हवी."

चाचा स्पार्क प्लग पुसत राहिले.

साताऱ्यात जुनी गाडी घ्यायची तर आधी दस्तगीर मिस्त्रींना दाखवायची, ही रीत होती. मिस्त्री आल्या आल्या बॉनेट उघडत नसत. घेणाऱ्याला एक फेरी मारून यायला सांगत, आणि तो उतरला की ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून आत बघत. इंजिनाची पाळी त्यानंतर. दारातून ते काय बघतात, हे कुणी विचारलं नव्हतं आणि त्यांनीही सांगितलं नव्हतं.

वल्लरी सहा वर्षं जर्मनीत शिकून परत आली होती. यवतेश्वरच्या घाटावरच्या सात शाळांत विज्ञान शिकवायचं, असं तिने तिथे असतानाच ठरवलं होतं. गाडी घ्यायची नाही, एसटीनेच जायचं, हेही ठरलं होतं. एसटी दिवसातून दोनदा होती, आणि शाळा भरायची वेळ त्या दोन्हींत बसत नव्हती. तेव्हा गाडी रोजची गरज झाली.

गरजेवरच ते थांबलं असतं. पण एक दिवस शलाका तिला शाळेपर्यंत सोडायला आली. वल्लरीने जर्मनीहून जपून आणलेला सूक्ष्मदर्शक व्हरांड्यात मांडला. मुलांनी त्याला दहा मिनिटं दिली आणि नारिंगी गाडीला पाऊण तास. शलाकाने एकेकाला स्टिअरिंगमागे बसवलं, नावं विचारली, चिडवलं. मग एका हाताने गाडी वळवून, खिडकीतून काहीतरी ओरडत, हसत ती घाट उतरून गेली.

वल्लरी त्या वळणाकडे बराच वेळ बघत उभी राहिली. शलाका कुठे शिकायला गेली नव्हती. तिने काही सोडलं नव्हतं, काही ठरवलं नव्हतं. आणि मुलं विचारत होती, ती ताई परत कधी येणार?

त्याच संध्याकाळी वल्लरीने लाल गाडी शोधून काढली, जाऊन बघूनही आली. शलाकाच्या गाडीचीच जात, फक्त इंजिन एक पायरी वरचं. दुसरं गिऱ्हाईकही मागे लागलं होतं. आता उद्या सकाळी दहापर्यंत मालकाला हो किंवा नाही सांगायचं होतं.

"मग लाल गाडी आणू का दाखवायला?" तिने चाचांना विचारलं.

चाचांनी खिळ्यावरची किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली. नारिंगी गाडीची.

"आधी ही चालव. घाट चढून ये."

वल्लरीने शलाकाला फोन लावला. शलाका म्हणाली, ने की बाई, त्यात विचारायचं काय, घाटात तिसऱ्या गिअरमध्ये ठेव आणि बघ कशी ओढते.

ती नाही म्हणाली असती तर बरं वाटलं असतं.

पाऊण तासाने वल्लरी परत आली. उतरताना तिची पोटरी थरथरत होती. खांदे भरून आले होते.

"मजा आली?"

"...हो."

चाचांनी दार उघडलं आणि आत बघितलं. शलाका तिच्याहून चांगली वीतभर उंच. सीट पार मागे होती, शलाकाने ठेवली होती तिथेच.

"पाय पोचत होता?"

"टोक पोचत होतं."

"मग सीट पुढं का घेतली नाहीस?"

वल्लरीने किल्ली बोटाभोवती फिरवली.

"ती अशीच बसते," ती म्हणाली.

चाचा वाकले. सीटखालची दांडी ओढून त्यांनी सीट पुढे सरकवली. टक... टक... टक... टक.

"चार खाचा," ते म्हणाले.

मग पुन्हा दांडी ओढली आणि सीट होती तिथे मागे ढकलून दिली. दार लावून घेतलं.

"आणि लाल गाडी?" वल्लरीने विचारलं. "तिचं काय करू?"

"मी पाहिली नाही ती."

"पण चाचा, उद्या दहाला मला सांगायचंय. तुम्ही निदान एकदा बघा."

"तू तरी कुठं पाहिलीस?"

यावर ती रागावली. किल्ली खिळ्याला अडकवून, निरोपही न घेता निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला तिने दोन फोन केले. लाल गाडीच्या मालकाला नाही म्हणून सांगितलं. दुसरा फोन निळीच्या मालकाला होता; त्यानंतर तासाभराने ती निळी गाडी घेऊन यवतेश्वरचा घाट चढून-उतरून आली आणि गॅरेजच्या दारात थांबली.

नारिंगी गाडी धुऊन उन्हात उभी होती. अजूनही देखणीच होती. तिच्याकडे नजर गेलीच, आणि छातीत कालचंच काहीतरी पुन्हा टोचलं.

चाचांनी निळ्या गाडीचं दार उघडलं, आत बघितलं. ठिगळाची सीट पुढे होती. आरसा खाली वळवलेला होता. मॅटवर शेळीच्या लेंड्या चिकटल्या होत्या. घाटात वल्लरी कुठेतरी उतरलेली दिसत होती.

आता त्यांनी बॉनेट उघडलं.

"हीच घेतेय," वल्लरी म्हणाली. "क्लच बघा, ब्रेक बघा. आणि हॉर्न तेवढा नवा बसवा, चाचा. लोक हसतात."

"क्लच बघतो. ब्रेक बघतो," चाचा बॉनेटखालून म्हणाले. "हॉर्नला मी हात लावणार नाही."